महिन्याचा किराणा: यादीपासून डब्यापर्यंत, पैसे नेमके कुठे वाचतात

बहुतेक घरांत किराण्याची खरेदी उलट्या क्रमाने होते. पगार झाला की पहिल्या रविवारी दुकान गाठायचं, तिथे रॅकसमोर उभं राहून काय संपलंय ते आठवायचं, आणि घरी येऊन डबे उघडले की कळतं, साबुदाण्याची दोन पाकिटं आधीच पडली आहेत आणि जिरं आणायचं राहिलंच. जिऱ्यासाठी मग पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, आणि तिथून जिऱ्याबरोबर बिस्किटं, फरसाण, चिप्स घेऊन यायचं.

महागाई आहेच, ती आपल्या हातात नाही. पण स्कीमा शोधण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ घरातले डबे मोजण्यात घातला तर जास्त पैसे वाचतात. पुढचे टप्पे चौघांच्या घराला धरून लिहिले आहेत. क्रम बदलू नका. पहिले दोन गाळून थेट भावतावावर गेलात, तर नको असलेली वस्तू स्वस्तात आणाल, एवढंच.

## तयारी

स्वयंपाकघरात चालेल असा पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा, एक दोनशे पानी वही, मार्कर आणि कागदी चिकटपट्टी. अ‍ॅपची गरज नाही. वहीच बरी, कारण ती ओट्याजवळ राहते आणि घरातलं कुणीही त्यात खरडू शकतं. अ‍ॅप एकाच्या मोबाइलमध्ये असतं आणि तो माणूस नेमका ऑफिसात असतो.

## १. आधी डबे मोजा

खरेदीच्या आदल्या दिवशी, दुकानात जायच्या सकाळी नव्हे. डबा काट्यावर ठेवायचा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, आकडा वहीत लिहायचा. रिकाम्या डब्यांची वजनं एकदाच घेऊन तळाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवली की पुढच्या महिन्यापासून हे काम झटपट होतं.

"अर्धा डबा आहे" असं लिहू नका. पाच किलोच्या डब्यातला अर्धा आणि दोन किलोच्या डब्यातला अर्धा यांत दीड किलोचा फरक आहे, आणि तेवढीच डाळ जादा येते.

मोजताना तीन जागा हमखास राहतात: फ्रिजचा दरवाजा, माळ्यावरची पिशवी आणि देवघराचा कप्पा. काजू-बेदाणे, गूळ, खोबरं, तूप यांची दुसरी पाकिटं तिथेच सापडतात.

तपासा: मोजणी संपल्यावर ज्या वस्तू गेल्या तीन महिन्यांत उघडल्याच नाहीत, त्यांची वेगळी नोंद करा. ओट्स, सोया चंक्स, कसलं तरी पास्ता सॉस. त्या संपेपर्यंत तशा प्रकारची नवी वस्तू यादीत येणार नाही.

## २. खप काढा

खप म्हणजे घरात खरोखर किती लागतं ते. 'आपण दर महिन्याला पाच किलो साखर आणतो' हा खप नाही, ती सवय आहे.

नवं पाकीट डब्यात ओतलं की झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वजन लिहा. डबा संपला की संपल्याची तारीख वहीत. दोन महिन्यांत खरा आकडा समोर येतो. तोवर काम चालावं म्हणून एक हिशोब: घडीच्या एका पोळीला साधारण ३५ ग्रॅम कणीक लागते. घरात रोज चौदा पोळ्या होत असतील तर दिवसाला ४९० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पंधरा किलोच्या आत-बाहेर. फुलके करत असाल तर यापेक्षा कमी. डाळीसाठी रोजची वाटी काट्यावर घाला आणि तीसने गुणा. तेलाचं तसं मोजता येत नाही, कारण तळणाचा दिवस सगळा हिशोब बिघडवतो. तिथे तारखेची चिकटपट्टीच खरी.

## ३. मग यादी

एका वस्तूला एक ओळ, पुढे तीन रकाने: लागतं, आहे, आणायचं. तिसरा रकाना वजाबाकीने येतो, मनाने नाही. चौथा रकाना भावासाठी मोकळा ठेवा.

यादी करताना चुका ठरलेल्या असतात.

रेशन वजा करायचं राहतं. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो आणि अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते उचलता, तर 'आहे'च्या रकान्यात ते आलंच पाहिजे. कित्येक घरांत रेशनचा तांदूळ इडली-डोशाला म्हणून कोपऱ्यात पडून राहतो आणि इडलीचा तांदूळ वेगळा विकत येतो.

सण महिन्याच्या यादीत मिसळतात. श्रावणातला साबुदाणा-वरई, गणपतीतला खोबरं-गूळ, दिवाळीचा फराळ यांची स्वतंत्र यादी करा आणि पैसेही वेगळे काढा. फराळाच्या यादीत पदार्थ लिहून पुढे जिन्नस लिहा: चकली किती किलो भाजणीची, चिवडा किती पोह्यांचा. नुसतं 'बेसन, मैदा, रवा, डालडा' असं लिहिलं की तुळशीच्या लग्नानंतरही मैदा उरतो, आणि पावसाळ्यापर्यंत त्याला जाळी लागते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर रवा, मैदा, बेसन, पोहे, शेंगदाणे पंधरा दिवसांपुरतेच लिहा. दमट हवेत महिन्याचा साठा टिकत नाही. दोन फेऱ्या परवडतात, किड्याची एक पिशवी परवडत नाही.

इशारा: यादी पूर्ण झाल्यावर घरच्यांना वाचून दाखवा. डब्यासाठी, शाळेच्या कार्यक्रमासाठी, पाहुण्यांसाठी जे लागणार आहे ते आत्ताच निघतं. नाहीतर मधल्या आठवड्यात दहा मिनिटांत घरी सामान पोहोचवणाऱ्या अ‍ॅपवरून येतं, आणि तिथे वस्तूच्या किमतीवर डिलिव्हरी, हाताळणी आणि छोट्या ऑर्डरचं शुल्क चढतं.

## ४. भावाची वही: किलोमागेच तुलना

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून.

पाकिटावरची छापील किंमत आणि त्यावरची सूट यांवरून काहीच ठरत नाही. १०० रुपये छापून ६५ ला देणारा आणि ७० छापून ६५ ला देणारा, दोघेही ६५ च घेतात. पाहायचा तो किलोमागचा किंवा लिटरमागचा भाव. कायद्याने आता पाकीटबंद मालावर एकक विक्री किंमत छापावी लागते, छापील किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत. पण त्यात एक खोच आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागे. ५०० ग्रॅमवर '₹ ०.२४' आणि दोन किलोवर '₹ २३५' असं दिसलं की डोळ्यांना काही उमगत नाही. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणायचं: ०.२४ म्हणजे किलोला २४० रुपये. शिवाय हा आकडा छापील किमतीवर काढलेला असतो. दुकानदार सूट देत असेल तर तुमचा हिशोब तुम्हालाच करावा लागेल.

आता तेल. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात लिटरच्या पिशवीशेजारीच ७५०, ८००, ८४० ग्रॅमच्या पिशव्याही असतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच. पिशवीवरचं ग्रॅममधलं वजन वाचल्याशिवाय तेल उचलू नका. डब्याचं तेच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १५ लिटरमध्ये तेल भरतं जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. समजा लिटरवाला डबा २,२५० ला आहे आणि किलोवाला २,४०० ला. दीडशे रुपये कमी म्हणून पहिला घेतलात तर किलोला सुमारे १६५ रुपये पडले. दुसरा १६० ने पडला असता. फोनवर भाव विचारताना "पंधराचा डबा केवढ्याला?" असं विचारू नका, 'किलोचा की लिटरचा' हे आधी विचारा.

मोठं पाकीट स्वस्त, हा समजही दर वेळी खरा ठरत नाही. चहा, धुण्याची पावडर, शाम्पू यांत कित्येकदा दोन लहान पाकिटं एका मोठ्यापेक्षा कमी पैशांत येतात. शाम्पूच्या पुड्या तर पुष्कळदा बाटलीपेक्षा मिलीलिटरमागे स्वस्त पडतात. गुणाकार करा आणि मग ठरवा.

वहीच्या शेवटच्या पानांवर रोज लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंचा किलोभाव आणि तारीख लिहीत जा. सगळ्या नको. बिलाचा मोठा भाग तेल, डाळ, तांदूळ, गहू, साखर, चहा, शेंगदाणे, साबण-पावडर यांचाच असतो. मोहरीचा भाव लिहून काही साधत नाही.

तपासा: भाव लिहिताना प्रतही लिहा. 'तूरडाळ ११८' याला अर्थ नाही. 'तूरडाळ फटका, अमुक दुकान' याला आहे. नव्या आणि जुन्या तांदळात तर भावाचा फरक असायचाच. जुना तांदूळ महाग, पण शिजताना फुगतो आणि वाटीभर कमी लागतो.

## ५. काय कुठून घ्यायचं ते घरीच ठरवा

यादीवर खुणा करा: भुसार दुकान, मॉल, वाणी, आठवडी बाजार. सगळं एकाच ठिकाणाहून घेणं सोयीचं आहे, स्वस्त नाही. उलट पाच ठिकाणी फिरणंही नको; रिक्षा-पेट्रोलचे पैसे वाचलेल्या पैशांतून वजा होतात. दोन ठिकाणं पुरे.

सर्वसाधारणपणे धान्य आणि कडधान्यं भुसार दुकानात, सुटी. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे; पोत्यातून काढून तोलून दिलेल्या मालावर नाही. तांदळाच्या २६ आणि ३० किलोच्या पिशव्या दिसतात त्या याचमुळे. साबण, पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, चहा मात्र डी-मार्टसारख्या ठिकाणी छापील किमतीच्या बरंच खाली मिळतात. तिथे याच वस्तूंची यादी घेऊन जा. पुण्यात मार्केट यार्डाचा भुसार विभाग किंवा मुंबईकरांना वाशीचा दाणाबाजार दर महिन्याला गाठायची गरज नाही. तीन-चार घरांनी मिळून पोतं घ्यायचं असेल तरच तो खटाटोप पुरतो.

सुटा माल घेताना निवडण घरी मोजा. सुटी डाळ १२० रुपये किलो आहे आणि निवडल्यावर खडे, साल, चुरा मिळून ६० ग्रॅम निघाला, तर ती डाळ तुम्हाला १२७ च्या वर पडली. शेजारी निवडलेली पाकीटबंद १२६ ला असेल तर तुमचे कष्टही फुकट गेले. एकदा हे केलं की कोणत्या दुकानाचा माल स्वच्छ आहे ते कायमचं कळतं.

वाण्याकडे खातं असेल तर ते मोडू नका. अडीनडीला तोच उपयोगी पडतो. पण त्याच्या वहीत नोंद होते तेव्हाच आपल्या वहीत करा. महिनाअखेरीला एकदम बेरीज तपासणं म्हणजे न तपासणंच.

## ६. दुकानात

पोट भरून जा, हे सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात. कापडी पिशव्या बरोबर न्या. काउंटरवर पिशवीचे पैसे वेगळे लागतात. यादी ज्याच्या हातात आहे त्याने ट्रॉली ढकलू नये. एकाने वाचायचं, दुसऱ्याने काढायचं. दोघेही काढायला लागले की यादी खिशात जाते.

आधी यादीतलं सगळं घ्या, मग स्कीमा पाहा. 'एकावर एक मोफत' पाहताना तीन प्रश्न: ही वस्तू खपाच्या यादीत आहे का, दोन्ही पाकिटं तारखेच्या आत संपतील का, आणि दोघांचा मिळून किलोभाव वहीतल्या भावाच्या खाली आहे का. एकाचंही उत्तर नाही आलं तर पुढे चला. अशा मालावरची तारीख पुष्कळदा जवळ आलेली असते. 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे चव-कुरकुरीतपणा उतरतो. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की ती वस्तू खायची नाही. दोन्ही शिक्के वेगळे वाचा.

सुटा माल तोलताना काटा आधी शून्यावर आहे का पाहा. सुकामेवा खोक्यात भरून तोलत असतील तर खोक्याचं वजन आधी वजा करायला सांगा. काजूच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याचं कारण नाही.

इशारा: बिल दुकानातच वाचा. रॅकवर लिहिलेला भाव आणि बिलातला भाव जुळत नाही, एक वस्तू दोनदा स्कॅन होते, स्कीमची सूट लागत नाही. गर्दीच्या दिवशी हे व्हायचंच. दारातून बाहेर पडल्यावर वाद घालणं अवघड जातं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं असेल तर बिल जपून ठेवा; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

## ७. घरी आल्यावर: साठवण

पिशव्या कोपऱ्यात ठेवून चहा प्यायला बसलात की तो माल दोन दिवस तसाच राहतो. त्याच दिवशी डब्यात जायला हवा. दोन-चार सुटी पाकिटं काट्यावर ठेवून पाहा. मग डब्यात उरलेला जुना माल वाटीत काढा, डबा कोरड्या फडक्याने पुसा, खाली नवा आणि वर जुना भरा. जुन्यावर नवा ओतला की तळातला माल वर्षभर तळातच राहतो आणि कीड तिथूनच सुरू होते.

रवा मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून भरा. तूरडाळ जास्त दिवस ठेवायची तर किलोला जेमतेम एक लहान चमचा एरंडेल हाताने चोळा. शेंगदाणे महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. खवट होतातच, पण बुरशी धरलेले दाणे निवडून वापरायचे नसतात, सगळे फेकायचे असतात.

वर्षाचं धान्य भरावं का, हा प्रश्न उन्हाळा लागला की येतो. माझं मत: गहू, ज्वारी, मिरची, हळद भरा, जागा कोरडी असेल तर. डाळ तीन-चार महिन्यांपुरती. मिरची-हळद तशीही एप्रिल-मेमध्ये घेऊन ऊन देऊन तिखट-मसाला करायची पद्धत आहे, आणि ती फायद्याची आहे. पण गव्हाचा हिशोब आधी मांडा: महिन्याचा खप गुणिले महिने, पोत्याच्या भावात हमाली-टेम्पो मिळवा, आणि मग किरकोळ भावाशी ताडा. एकदम एवढे पैसे गुंतवण्यासाठी कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचा हप्ता लागणार असेल तर भरू नका.

भरायचंच तर क्रम असा. गहू निवडून कडक उन्हात दोन-तीन दिवस द्यायचा. दाणा दाताखाली कट्‌ असा आवाज करून तुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं. ऊन दिलेला गहू संध्याकाळी गरम असतानाच कोठीत भरण्याची चूक फार होते. आत वाफ धरते आणि महिनाभरात वास येतो. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, मग सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत भरा. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका, दाण्याला चिरा जाऊन कणी होते.

इशारा: धान्यात टाकायच्या, विषारी वायू सोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. त्या गोदामासाठी असतात, बंद घरात त्या वायूने माणसं दगावतात. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात नको.

कांदा-लसूण यांचंही थोडं असंच. एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा टिकतो, हवेशीर जागी पसरून ठेवला तर पावसाळा काढतो. हिवाळ्यात येणारा लाल कांदा आठवड्यापुरताच घ्या, तो ठेवणीचा नाही.

## ८. महिनाअखेरीचा हिशोब

वहीत तीन आकडे लिहा. मोठ्या खरेदीचं बिल किती, मधल्या फुटकळ खरेदीचं किती, आणि किती रुपयांचा माल फेकला. तिसरा आकडा लिहायला कुणाला आवडत नाही, पण यादी सुधारते ती त्यावरूनच. फुटकळ खरेदीत तीच वस्तू पुन्हा पुन्हा येत असेल तर खपाचा आकडा वाढवा. एखादी वस्तू सलग उरत असेल तर कमी करा.

पहिल्या महिन्यात बिल उतरेलच असं नाही. तेलाचा डबा किंवा गव्हाचं पोतं त्याच महिन्यात घेतलं असेल तर उलट चढेल. तुलना तीन-तीन महिन्यांच्या सरासरीची करा आणि दिवाळीचा महिना त्यातून बाहेर ठेवा.